उघड डोळे, दादा

माझं माहेर पिशोरचं. लग्न होऊन औरंगाबादला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि कॉलेजात शिकणारी माझी नणंद. सुट्टीच्या दुपारी हे कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्यानं सीडी आणायचे. पिक्चर सगळे एकाच जातीचे: कुऱ्हाडी, करवती, रक्ताचे पाट. मी बसायला गेले की म्हणायचे, "तुला नाय सोसायचं. आत जा." बहीण मात्र खांद्याला खांदा लावून शेजारी! आत भाकरी थापताना माझा लई जळफळाट व्हायचा. नवरा माझा, अन् दुपार हिची.

एकदा मुद्दाम, न बोलावता चहा घेऊन गेले. टीव्हीत कुणीतरी किंचाळत होतं, अन् कंपनीत अख्ख्या शिफ्टवर ओरडणारे आमचे हे उशीत तोंड खुपसून बसलेले. नणंद शेंगदाणे खात बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "झालं. उघड डोळे, दादा."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं रडू. मला आत पिटाळायचं ते माझ्या काळजीनं नाय, तर ह्यांचं भ्यालेलं तोंड मला दिसू नये म्हणून. तिला दिसलेलं चालत होतं. मी कप आदळून परत फिरले.

पुढं नणंद लग्न होऊन पैठणला गेली अन् सीडी येणं बंद झालं. मग एका सुट्टीला मीच दुकानात गेले. म्हणाले, "सगळ्यात भयानक असेल ती द्या."

ह्यांच्या शेजारी बसले. "मला सगळं माहिताय. घ्या उशी, मी सांगते कधी उघडायचे ते." हे आधी लाजले, मग खरंच उशी घेतली. मला केवढा आनंद झाला!

बघवत मलाही नव्हतं. पण डोळे मिटले नाहीत. करवत सुरू झाली. तेवढ्यात उशीतून आवाज आला, "ती असती तर एव्हाना सांगितलं असतं."

माझं डोकंच फिरलं. करवत अजून चालूच होती. मी म्हणाले, "झालं. उघडा."

त्यांनी उघडले. ओरडले, उठले अन् मोरीत जाऊन ओकले. चूळ भरायला पाणी देत मी म्हणाले, "चुकलं हो माझं." चुकलं नव्हतं.

आता साध्या मालिकेत कुणी सुरा काढला तरी हे डोळे मिटतात. मी सांगते, "झालं." खरंच झालेलं असतं. पण हे काही डोळे उघडत नाहीत. जाहिरात लागेपर्यंत तसेच बसून राहतात.