टेपवरचे बाबा

माझा स्वभाव तापट. कौतुकाने सांगत नाही, पण पुढचं कळायला ते माहीत असलेलं बरं. कुवेतमध्ये फहाहीलला माझं एसी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं आणि नव्वदच्या दशकात तिथल्या मराठी मंडळाची निम्मी कामं माझ्या गळ्यात होती. कुणाला हॉस्पिटलात न्या, कुणाचा पासपोर्ट मालकाकडून सोडवून आणा. लोक रडत फोन करायचे, "काका, आई सिरियस आहे, पासपोर्ट अडकलाय." मी आधी झाडायचो. "घरी आजारी माणूस आणि तू पासपोर्ट दिलासच कसा? अक्कल कुठे ठेवली होतीस?" मग गाडी काढायचो. बहुतेक वेळा काम व्हायचं. त्यामुळे मला वाटायला लागलं होतं की आपल्याला हे जमतं.

दुसरं माझं काम गणपतीच्या पूजेचं. तिथे भटजी कुठून आणणार? आई गेल्यापासून बाबा नाशिकला ताईकडे राहायचे. त्यांना पूजा तोंडपाठ. मी म्हटलं, "बाबा, कॅसेटवर भरून द्या ना." जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, त्यांनी वर्गात शिकवल्यासारखी अख्खी पूजा भरून दिली. "आता उजव्या हातात पाणी घे. उजव्या म्हटलं मी. झालं का? मी थांबतो." मग नुसती खरखर. मध्येच स्वयंपाकघरात ताईचा कुकर शिट्टी मारतो. मग बाबा, "छान. पुढे."

खरं तर हा माणूस जन्मात कुणासाठी थांबला नाही. लग्नाला निघताना आईला दोन मिनिटं उशीर झाला की एकटेच एसटी स्टँडकडे चालू पडायचे. कॅसेटवर मात्र थांबायचे. दरवर्षी कुणाच्या तरी हॉलमध्ये, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून, पन्नासएक माणसं दाटीवाटीने बसायची. बाबांनी "झालं का?" विचारलं की सगळे एका सुरात ओरडायचे, "झालं, आजोबा!" एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी आमची पोरंसुद्धा. फोनवर हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "ओरडतात कशाला? शिस्त म्हणून नाही!" पण खूश झाले होते, आवाजावरून कळलं मला.

एका उन्हाळ्यात बाबा खचले. ताई म्हणाली, "जमलं तर लवकर ये." मी म्हटलं, येतो पंधरा दिवसांत. माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता. सोमवारी आमचा मंदूब वर्कशॉपवर आला. मंदूब म्हणजे सरकारी कचेरीतली कागदपत्रं करून आणणारा माणूस. म्हणाला, दुसऱ्यांचे नेतोच आहे, तुमचाही पासपोर्ट द्या. मी दिला. वर चहा पाजला. लोकांना झाडताना जे सगळं तोंडपाठ असायचं, त्यातलं एक अक्षर मला त्या वेळी आठवलं नाही.

बुधवारी दुपारी ताईचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस. सारखं विचारतायत, तो कुठे आहे. अरे, वाट बघतायत तुझी. ये बाबा, निघ."

गुरुवार-शुक्रवार तिथे तेव्हा सुट्टी. शेजारी रत्नागिरीच्या एका मुसलमान दोस्ताचं कापडाचं दुकान होतं. त्याने माझ्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. "भाऊ, तू नको चालवू. मी नेतो." ज्याच्या नावावर माझं वर्कशॉप होतं, तो कुवेती कफील सुट्टीसाठी खैरानला समुद्रावर गेला होता. आम्ही तिकडे गेलो. मुलाबाळांसाठी मासे भाजत बसला होता बिचारा. सगळं टाकून उठला, माझा हात धरला, मंदूबला फोन लावून लावून थकला. शेवटी त्याच्या घरचा, जहराचा पत्ता लिहून दिला. गुरुवारी सकाळी आम्ही पार दुसऱ्या टोकाला जहराला. मंदूब लुंगीवर बाहेर आला आणि ऐकून आधी माफीच मागायला लागला. पासपोर्ट मंगळवारीच कचेरीत जमा केला होता. कचेरीला कुलूप.

"शनिवारी," तो म्हणाला. "इन्शाल्ला, शनिवारी सकाळी पहिला तुमचा."

हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं होतं! शनिवारी होईल रे, रडू नकोस. त्या दिवशी कळलं, शनिवार किती लांब असतो. मला ओरडायचं होतं. शिव्या घालायला एक तरी नालायक माणूस हवा होता. एकही सापडला नाही. नालायक मीच. परत येताना दोस्ताने ओळखीच्या चार जणांना फोन केले, मग त्यालाही कुणी आठवेना. घरी आलो तर हिने बॅग भरून दाराशी ठेवलेली. वरच माझं धोतर दिसलं. ते कशासाठी, ते कळलं. मी ते तळाशी सरकवलं.

शुक्रवारी दुपारी बाबा गेले.

ताई फोनवर रडत नव्हती, त्याने मला जास्त भीती वाटली. म्हणाली, "काका म्हणतायत, मुलगा येईपर्यंत बर्फावर ठेवू. रविवार उजाडेल. तू सांग, काय करायचं?"

मी विचारलं, "शेवटचं काही बोलले?"

"सकाळी विचारलं, निघाला का? मी खोटंच सांगितलं, निघालाय म्हणून. म्हणाले, बरं, थांबतो."

मी रिसीव्हर छातीशी धरून लहान पोरासारखा रडलो. बाबा, आणि बर्फावर? नाशिकच्या थंडीत कानाचा मफलर न सोडणारा माणूस. किती वेळ गेला कोण जाणे. मग म्हटलं, "थांबू नका. अग्नी तू दे."

"मी?"

"तूच. तू केलंस त्यांचं सगळं. काकांना सांग, मी सांगितलंय."

शनिवारी पासपोर्ट मिळाला, अगदी पहिला. मी पोचलो तेव्हा कोपऱ्यात त्यांची काठी होती.

वर्षभर मी मंडळाच्या पूजेकडे फिरकलो नाही. वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या गणपतीला सगळ्यांनी मलाच पाटावर बसवलं. दोस्त मागे दाराशी उभा होता. कॅसेट लावली. तोच आवाज, तीच जरब. "आता उजव्या हातात पाणी घे. उजव्या म्हटलं मी."

घेतलं.

"झालं का? मी थांबतो."

एरवी ओरडणारी पन्नास माणसं गप्प. पोरांना कुणी दटावलं नव्हतं, तरी तीही गप्प. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाणी बोटांतून गळून धोतरावर सांडलं.

"नाही झालं, बाबा," मी म्हणालो. "थांबा ना जरा."

खरखर. ताईच्या कुकरची शिट्टी.

"छान," बाबा म्हणाले. "पुढे."