हरकतीचा अर्ज

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुर्रीतला माझा शेजारी गोंदियाला विवाह नोंदणीच्या कचेरीत बाबू होता. चहा विचारला तरी तो 'हरकत नाही' म्हणत नसे. "ते लगनाच्या नोटिशीचे तीस दिवस झाल्यावरच बोलाचं, काकाजी."

माझ्या मुलीच्या लग्नाची नोटीस लागली, तेव्हा मीच हरकत घेऊन गेलो. मुलगा परजातीचा, हे कारण. बाबूने चष्मा कपाळावर चढवून अर्ज वाचला. "जात इथं चालत नाही. वय, पहिलं लगन, जवळचं नातं. यातलं काय हाये?"

मी खोटंच लिहिलं, मुलगा एकवीसचा नाही.

"मंग पाहा लागन." आणि रजा टाकून तो मुलाच्या गावी, दरेकशाला गेला, त्याच्या शाळेचा दाखला घेऊन आला. मुलगा सव्वीसचा निघाला. मला दंड झाला असता. त्याने माझ्याकडून अर्ज मागे घेतल्याचं लिहून घेतलं आणि मुलीला काही कळू दिलं नाही. लग्न ठरल्या दिवशी झालं.

आता तो निवृत्त आहे. मी फाटकाशी जाऊन घुटमळलो की विचारतो, "काऊन काकाजी, आता कोनाचं लगन मोडाचं हाये?"

मी हसतो. 'माझं चुकलं' एवढं म्हणायला गेलेलो असतो, ते न म्हणताच परत येतो.