चाळीस फुटांचा भराव

मी घराच्या खालचं काम करतो. मिस्त्री यायच्या आधीचं. काळी माती उपसायची, पिवळा मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, खड्डे घ्यायचे, भराव टाकायचा, पाणी सोडायचं, दुरमुसानं ठोकून ठोकून जमीन बसवायची. वास्तुपूजेची पत्रिका मिस्त्रीला जाते, टाइल्सवाल्यालाही जाते, मला कोणी देत नाही. लोकांना वाटतं, जमीन म्हणजे जमीन. डोकं सटकतं माझं. अरे बाप्पा, नागपूरची काळी माती म्हणजे काय गंमत आहे? मे महिन्यात ती फाटते, पावसाळ्यात फुगते आणि कंपाउंडच्या भिंती उचलून टाकते. हे मी गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून सांगत आलो. जिला सांगायलाच पाहिजे होतं तिला सांगितलं नाही. ती माझी सख्खी मोठी बहीण.

अकरा वर्षं झाली. हिंगण्याच्या पुढे एका शेताचं लेआउट पडत होतं. माझ्याकडे तेव्हा एक जुना जेसीबी होता आणि कामाची हाव होती. शेतात, नाल्याच्या वळणापाशी, चाळीस फूट खोल विहीर. लेआउटवाला म्हणाला, "हे पहिले बुजव. विहीर दिसली का गिऱ्हाईक पलटते." मी म्हटलं, बुजवतो, पण मुरूम लागेल. थर टाकत, पाणी मारत वर यावं लागेल, दोन आठवडे जातील.

"दोन आठवडे? परवा लोकं प्लॉट पाहायले येऊन राहिले. जे पडलं आहे ते टाक."

पडलेलं काय होतं? तोडलेल्या बाभळींचे बुंधे, गोठ्याचे टिनपत्रे, सडका कडबा, विहिरीचाच फोडलेला काठ. ते सगळं ढकललं आणि वरून काळी माती लोटली. दोन दिवसांत जागा सपाट झाली.

आमच्याकडे विहीर बुजवताना तिच्यात एक पाइप उभा ठेवतात, जमिनीच्या वर हातभर निघेल असा. विहिरीला श्वास ठेवायचा म्हणतात. शेत विकलेला म्हातारा दोन्ही दिवस बांधावर बसून होता. शेवटी उठून माझ्यापाशी आला. "पाइप ठेव गा. तिले श्वास ठेव." लेआउटवाला हसला. पाइप दिसला तर लोक विचारतील, हा कशाचा. मी पाइप ठेवला नाही. श्रद्धेचं जाऊ द्या, पाइप असता तर निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं असतं की इथं विहीर आहे. एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा माझ्या डोक्यात शिरली नाही.

मग तीन वर्षांपूर्वी ताईचा फोन आला. भाऊजी नुकतेच हिंगण्याच्या कारखान्यातून रिटायर झाले होते. दोघांचा अख्खा संसार भाड्याच्या खोल्यांमध्ये गेलेला. "प्लॉट घेतला," ताई म्हणाली. "तुले मुद्दामच नाही सांगितलं. तू शंभर खोड्या काढशीन. परवा सकाळी आठचा मुहूर्त आहे भूमिपूजनाचा, लौकर ये."

गेलो. नाल्याचं वळण दिसलं तेव्हाच जागा ओळखली. रस्ते झाले होते, खांब लागले होते, दोन-तीन घरं उभी होती. तरी नाला काही जागचा हलत नाही. नाल्यापासून पावलं मोजली. परत मोजली. ताईचा प्लॉट तोच होता.

ईशान्येच्या कोपऱ्यात पूजेचा लहानसा खड्डा घेतला होता. आमच्या घरात एक रीत आहे: पूजा झाली की त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचं, प्लॉटला एक फेरी घालायची आणि परत येऊन किती पाणी उरलं ते पाहायचं. दिवाळी होऊन गेली होती, माती अजून ओली होती. ओल्या काळ्या मातीत पाणी तासभर तसंच साचून राहतं. ताईनं पाणी ओतलं. तिची अर्धी फेरीही झाली नव्हती, खड्डा कोरडा. भाऊजींच्या आईनं हात जोडले. "माय प्याली वं! तहानेली होती बिचारी. प्रसन्न झाली." लगेच दुसरा तांब्या ओतला, तोही गेला. बायकांनी ताईला कुंकू लावलं, कोणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. 

तिथंच बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. घाबरलो म्हणून, आणि त्याहून जास्त लाज वाटली म्हणून. ताई नवं लुगडं नेसून उभी होती, तिला काय सांगू की तुझ्या घराखाली मी कचरा भरला आहे?

खड्डे मीच घेतो म्हटलं. भाऊजी खूश झाले. तीन कोपऱ्यांत सहा फुटांवर पिवळा मुरूम लागला. चौथ्यात, पूजेच्या कोपऱ्यात, दहा फूट गेलो, काळी माती. बारा फूट, काळी माती. पंधरा फुटांवर बकेटमध्ये गंजलेलं टिन वर आलं आणि असा घाण वास सुटला की ऑपरेटरनं तोंड फिरवलं. ताई चहा घेऊन मागंच उभी होती.

"हे काय आहे गा?"

"जुना उकिरडा असेल," मी म्हटलं. जीभ कशी उचलली, देव जाणे. "आपण घर दहा फूट पुढं सरकवू."

"काहून?" भाऊजी बोलले. "नकाशा मंजूर आहे. स्वयंपाकघर बरोबर आग्नेयेले बसलं. उकिरड्यासाठी घर सरकवतं का कोणी?"

विहीर म्हटलं असतं तर त्यांनी घर सरकवलं असतं. उकिरड्यासाठी कोण सरकवणार? जेसीबीचा हात पंधरा फुटांच्या खाली पोचत नव्हता. तेवढ्या पंधरा फुटांत मी चांगला मुरूम भरला. आठ दिवस पाणी मारलं, आठ दिवस ठोकलं. असं काम मी आजवर कोणाचं केलं नाही. आणि त्याच्या खाली पंचवीस फूट बाभळी सडत होत्या.

घर झालं. वास्तुपूजेला ताईनं मला आणि बायकोला पाटावर बसवून आहेराचे कपडे केले. येईल त्याला सांगत होती, "खालचं सारं माझ्या भावानं केलं. म्हणून मी निवांत आहे."

मागच्या पावसाळ्यात भाची धंतोलीच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि माहेरी आली. तिला त्याच ईशान्येच्या कोपऱ्यावरची खोली दिली होती, खिडकीतून वारा येतो म्हणून. मी बाळ पाहायला गेलो. खोलीचं दार अर्ध्यावर अडलं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग छतापर्यंत गेली होती, आणि छताच्या त्याच कोपऱ्याला हूक ठोकून पाळणा टांगलेला. आत बाळ झोपलं होतं.

"पावसाळ्यात लाकूड फुगते," ताई म्हणाली. "दोन महिन्यांनी दार आपोआप लागीन."

 म्हटलं, "ताई, तो उकिरडा नव्हता. विहीर होती. मीच बुजवली होती."

ती किंचाळेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "खाली किती आहे?"

"पंचवीस फूट. त्यातलं किती सडलं, किती उरलं, मले नाही सांगता येत."

तिनं बाळाला उचललं, समोरच्या खोलीत नेऊन भाचीच्या मांडीवर दिलं. परत येऊन स्टुलावर चढली आणि स्वतःच्या हातानं पाळणा सोडला. मी धरायला गेलो तर म्हणाली, "तू राहू दे."

भाचीला आठ दिवसांत सासरी पाठवलं. ती खोली बंद केली. मी इंजिनीअर आणून घर दाखवलं, त्यानं घर खाली करा म्हणून सांगितलं. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत, व्हरांड्यात बसून असतात. पण जायचं कुठं? जन्माची कमाई या भिंतींत आहे.

यंदा पाऊस लागल्यापासून ताईचा रोज संध्याकाळी फोन येतो. कसा आहे, काय आहे, काही नाही. रोज त्या भेगेत काहीतरी घालून पाहते आणि मला सांगते. पहिले म्हणाली, "कागद जाते." मग, "रुपाया जाते." काल म्हणाली, "बोट गेलं."

मी रडकुंडीला आलो. म्हटलं, "ताई, हात जोडतो, आत्ताच्या आत्ता निघा. माझ्याकडे या. दोन खोल्या तुमच्याच."

 तिनं विचारलं, "तुझ्या घराखाली काय आहे?"

मी सांगितलं, पक्का मुरूम आहे, सहा फुटांवर लागला, माझ्या डोळ्यांनी पाहिला. आईची शपथ घेतली. दुनियेत माझं एवढं एकच बोलणं शंभर टक्के खरं होतं.

"असंच म्हणशीन तू," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.