ऑगस्टच्या पानावरचा डोंगर

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षं काढली. पांढऱ्या कागदावर मूठभर साखर पसरायची आणि काळा कण शोधायचा, हा कामाचा एक भाग. कण दिसला की पोती बाजूला. ही नजर घरी आल्यावरही सुटत नाही. ताटात भात वाढला तरी मी आधी खडा शोधतो, आणि बायको म्हणते, "जेवा आता, नमुना नंतर तपासा."

असल्या माणसानं कॅमेरा हातात घ्यायलाच नको होता.

घेतला तो नगरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून, जुना. हंगाम नसताना वेळ जात नाही म्हणून. माणसांचे फोटो मला कधी जमले नाहीत. माणसं डोळे मिटतात, तोंड वाकडं करतात. डोंगर आपला गुमान उभा राहतो. आमच्या देवळाली प्रवराहून मोटारसायकलवर अर्ध्या तासावर एक बुटका, लांबट डोंगर आहे. त्याला धड नावही नाही. पण श्रावणात सकाळी त्याच्या अंगावरून ऊन खाली उतरायला लागलं की मी बटण दाबायचंही विसरायचो. खोटं सांगत नाही. दर रविवारी उजाडायच्या आत मी तिथं हजर असायचो.

उभं राहायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे पायथ्याच्या एका घराची गच्ची. घर चाचांचं, सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. दोन एकर रान, एक विहीर, दोन म्हशी आणि चाची, एवढाच संसार. पहिल्या दिवशी परवानगी मागितली तर म्हणाले, "डोंगराचा फोटू? डोंगर काय माजा हाय का? चढा वर." तेव्हापासून खाली उतरलो की चहा ठरलेला. चाची बशीत खारी ठेवायच्या आणि मी ती खाल्ली की नाही हे दारातून बघायच्या.

छंद हळूहळू डोक्यात गेला. तिपाई आली, भिंगं आली. भाचीचा साखरपुडा रविवारी होता म्हणून मी गेलो नाही, ते अजून ऐकून घेतो. मग कॉम्प्युटरवर फोटो साफ करायला शिकलो. पहिल्यांदा बाभळीला अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी पुसली. नंतर विजेची तार. नंतर खांब. पुसलं की त्या जागी गवत येतं, आभाळ भरून येतं. फार समाधानाचं काम आहे ते.

अशात डोंगराच्या कडेला खडी फोडायचं क्रशर आलं. पत्र्याचा उंच सांगाडा, धुरळा, आणि मागे दर आठवड्याला थोडा थोडा खाल्लेला डोंगराचा कोपरा. दुपारी सुरुंग उडायचे. मला राग आला, पण कशाचा, तर फोटो बिघडल्याचा. मी क्रशर पुसायला लागलो. खाल्लेला कोपरा जुन्या फोटोतून उचलून परत बसवायचो. आणि मूळ फोटो ठेवायचो नाही. चांगला माल ठेवायचा, मळका टाकायचा, ही कारखान्यातली सवय. कॅमेऱ्याचं कार्ड दर शनिवारी कोरं करायचो.

त्या सुमारास गावातल्या एका पतसंस्थेनं कॅलेंडरसाठी माझा फोटो मागितला. ऑगस्टच्या पानावर डोंगर आला, अख्खा, हिरवागार. खाली फोटो काढल्याचा महिना, वर्ष आणि माझं नाव. मी हरखून गेलो. वीसेक प्रती मागून घेतल्या आणि पाहुण्यारावळ्यांत वाटल्या. चाचांच्या भिंतीत तर खिळाही मीच ठोकला. त्यांनी पानावरून बोट फिरवलं.

"क्रशर कुठं गेलं, सायेब?"

"पुसलं."

"लई झ्याक केलं," ते हसले. "आता त्याचा आवाज बी पुसा."

त्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. कॅलेंडर मी बरोबर तिच्यावर टांगलं, बरं दिसावं म्हणून.

भेगा वाढत गेल्या. विहिरीचं पाणी आधी गढूळ झालं, मग तळाला गेलं. म्हशी विकल्या. शेवटी चाचांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, की सुरुंगांनी माझं घर फुटलं, ते बंद करा. क्रशरवाल्याचं उत्तर साधं होतं: आमचं काम परवाना मिळाल्यावर, म्हणजे गेल्या दिवाळीनंतर सुरू झालं, भेगा दोन वर्षांच्या आहेत, असं अर्जात तुम्हीच लिहिलंय. परवाना नसतानाही क्रशर दोन वर्षं चाललं हे सगळं गाव जाणून होतं. पण निम्म्या गावाचे ट्रॅक्टर त्याच्याकडे कामाला होते, तोंड कोण उघडणार? चाचांचं घर राहायचं तर क्रशर तेव्हाही तिथं होतं, एवढं दाखवायला हवं होतं.

चाचा निर्धास्त होते. "सायेबाकडं फोटू हाईत ना. दर रैवारचे."

मी तीन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून होतो. शेकड्यांनी फोटो. एकातही क्रशर नव्हतं. डोंगर इतका सुंदर, की बघवेना. शेवटी टेबलाच्या खणात एक छापील प्रत सापडली, रंग कसे येतात ते बघायला स्टुडिओतून काढून घेतलेली. कोपऱ्यात पत्रा आणि धुरळा, आणि मागे माझ्या हातानं लिहिलेली तारीख.

सुनावणीत मी ती तहसीलदार साहेबांपुढे ठेवली. क्रशरवाल्याच्या वकिलांनी पिशवीतून कॅलेंडर काढलं.

"हा फोटो आपलाच?"

"हो."

"महिना, वर्ष बरोबर?"

"बरोबर."

"यात क्रशर कुठे आहे?"

"मी ते पुसलं होतं. कॉम्प्युटरवर."

"का?"

चांगलं दिसावं म्हणून, असं मी म्हणालो. मागे कोणीतरी हसलं.

"म्हणजे फोटोतलं हवं ते तुम्हाला काढता येतं. मग हवं ते घालताही येत असेल?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. येतं. डोंगराचा अख्खा कोपरा मीच तर घातला होता. साहेबांनी माझी प्रत मला परत दिली. पुराव्याअभावी अर्ज निकाली निघाला.

बाहेर टपरीवर चाचांनी माझ्या हातात चहा दिला. "जाऊ द्या. तुमी आला, लई झालं." त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भिंत पडली. चाची अंगणात होत्या म्हणून वाचल्या. मग दोघांनी श्रीरामपूरला लेकीकडे जायचं ठरवलं. टेम्पोत सामान चढवायला मीही गेलो होतो. सगळं चढल्यावर चाचा म्हणाले, "एक फोटू काढा घराचा. इतकी वर्सं हितनं काढलं, पर घराचा एक बी न्हाई."

खरं होतं. गच्चीवर उभं राहिल्यावर घर दिसत नाही. मी कॅमेरा घेऊन शेतात लांब जाऊन उभा राहिलो. दारात दोघं, वर भेगाळलेली भिंत, मागे उरला तेवढा डोंगर आणि मधोमध क्रशर. चाचांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन फोटो पाहिला.

"मागचं तेवढं क्रशर काढून टाका, सायेब. तुमाला येतं ना."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारणारा तो माणूसच नव्हे. चाचींनीही मान हलवली. मी हो म्हणालो.

त्याला आता आठ महिने झाले. दर रविवारी मी तो फोटो उघडतो. दहा मिनिटांचं काम आहे. क्रशर पुसलं तर त्यांचं घर आपोआपच पडलं असं होतं, आणि न पुसता पाठवावा तर त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली एकुलती एक गोष्ट मी दिली नाही असं होतं. लाज वाटते आणि फोटो बंद करतो.

परवा पुन्हा त्यांचा फोन आला. "झाला का फोटू? हिला बरं न्हाई. घर बगायचं म्हनती."

"करतोय, चाचा," मी म्हणालो.