माशाला न दुखणारा गळ

माशाला कमीत कमी दुखेल असा गळ अमेरिकेत मिळत नाही. मी विचारून बघितलं आहे.

मुळात मी त्या दुकानात उभी होते, हेच माझ्या माहेरच्यांना खरं वाटणार नाही. मी मिरजेची. आमच्याकडे केक आणला तर आधी त्यात अंडं आहे का याची चौकशी व्हायची, मग मेणबत्ती लागायची. आणि लग्न करून मी पडले मालवणच्या घरात, जिथे ‘आज जेवायला काय?’ या प्रश्नाला माशाचं नाव सांगून उत्तर देतात!

सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे जर्सी सिटीला आल्या. पहिल्या महिन्यात त्यांनी आसपासची मासळीची सगळी दुकानं पालथी घातली. बर्फावर निजवलेल्या माशाचे कल्ले उघडून बघायच्या, पोटाला बोट लावायच्या आणि दुकानदारासमोरच निकाल द्यायच्या, “हा माझा व्हिसा व्हायच्या आधी मेलाय!” निखिल, म्हणजे माझा नवरा, तरीही ते मासे आणून करायचा. त्या दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. परत जायला अकरा दिवस राहिले असताना मी त्यांना फोनवर बहिणीशी बोलताना ऐकलं.

“सून गुणाची आहे गो. सगळं करते माझं. पण ताजी मासळी काही नशिबात नाही. सहा महिने नुसती जिवंत आहे झालं.”

नुसती जिवंत! माझ्या घरात! मी दोडका चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि जाहीर केलं, “आई जायच्या आत मी स्वतः मासा पकडून त्यांना खायला घालणार.”

निखिल हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. “तू? अगं, घरात कोळी आला तर तू त्याला कागदावर घेऊन लिफ्टने खाली सोडून येतेस! चौतीस मजले!”

“मग तू पकड.”

“मला थंडी सोसत नाही.” (हा समुद्राकाठी वाढलेला. याला पोहताही येत नाही.)

माझं एक वाईट आहे. एकदा ठरवलं की मग मी स्वतःचंही ऐकत नाही. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा एक जण मासेमारीचा वेडा आहे. त्याने सांगितलं की या दिवसांत उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरातून स्टीलहेड नावाचे मासे नदीत चढतात. ट्राउटच्याच जातीचा मासा, पण सरोवरात खाऊन-पिऊन माजलेला, हातभर लांब. गाडीने पाच तास. मी ऑनलाइन मासेमारीचं लायसन्स काढलं, शुक्रवारची सुट्टी टाकली, छोटंसं किचन असलेली मोटेलची खोली बुक केली आणि आम्ही निघालो. मागच्या सीटवर सासूबाई. मांडीवर मसाल्याचा डबा, आमसुलं आणि तिरफळं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता असं नाही, पण ऐन वेळी मसाला नाही असं व्हायला नको!

नदीजवळच्या सामानाच्या दुकानात आम्ही तिघे शिरलो. दुकानदार भला माणूस होता. त्याने विचारलं, “पहिलीच वेळ?” मी म्हटलं, “फिशिंगची हो. निश्चयाची नाही.” त्याला ते फारसं भावलं नाही.

“हे बघा,” तो म्हणाला, “नदीला ओढ जबरदस्त आहे आणि वीकेंडला माणसांची रांग लागते. रॉड दणकट घ्या, लाइन जाड घ्या, शिसं भरपूर लावा म्हणजे आमिष तळाशी राहील. मासा लागला की झटपट काठाला आणायचा. नाजूक सामान घेतलंत तर मासा सगळ्यांच्या लाइनीतून फिरून येईल.”

मग त्याने गळ पुढे ठेवला. मी त्याच्या टोकाला बोट लावून बघितलं.

“एवढा मोठा? याने त्याला दुखेल ना!”

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. “मॅम, तुम्ही त्याला खाणार आहात ना?”

“मी नाही. या खाणार आहेत.”

“आणि यांना त्याचं काही वाटत नाही?”

“त्या मालवणच्या आहेत,” मी म्हटलं.

शेवटी मीच शोधाशोध केली आणि अगदी कोपऱ्यातल्या खणातून सगळ्यात बारीक गळ काढला. ब्लाउजच्या हुकाएवढा! दुकानदार म्हणाला, हा तळ्यातल्या बोटभर माशांसाठी आहे. म्हटलं, चालेल. लाइनही सर्वांत बारीक घेतली, माशाच्या ओठाला काचू नये म्हणून. (बारीक दोरी जास्त काचते, हे मला घरी परतल्यावर सुचलं.) शिशाचे फक्त तीन दाणे, कारण एवढा जड गोळा वाहत जाऊन त्याच्या डोक्यात बसला तर? रॉड सगळ्यात हलका, लवलवता. आमिष म्हणून त्याने माशाच्या अंड्यांच्या पुरचुंड्या काढल्या, त्या मी लगेच परत केल्या. त्यांचीच अंडी त्यांना चारायची म्हणजे फारच झालं! त्याऐवजी अंड्यांसारखे दिसणारे प्लास्टिकचे नारिंगी मणी घेतले. शंभर टक्के व्हेज.

सासूबाईंनी माझी लाइन चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली.

“ह्या सुताने मासा धरणार? अगो, माझे बाबा गरवायला जायचे तेव्हा केवढी दोरी असायची! ह्याचा फार तर मोगऱ्याचा गजरा होईल!”

“आई, जाड दोरी दिसली की मासा पळतो.”

“पळू दे की! तोंडाशी आलेला पळण्यापेक्षा ते बरं.”

दुकानदाराला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो मान हलवून म्हणाला, “लिसन टु युअर मदर.”

“अनघा,” निखिल हळूच म्हणाला, “दोन एक्सपर्ट एकच गोष्ट सांगतायत यार.”

“एक्सपर्ट असतील. पण पकडणार मी आहे ना? मग सामान माझं!”

शनिवारी सकाळी सातला आम्ही नदीवर हजर! बघते तर काय, छातीपर्यंत रबरी विजारी चढवलेली माणसं अख्खा काठ धरून पाण्यात उभी. दोघांच्या मध्ये एक पिशवी ठेवायलाही जागा नाही. मी माझी भाड्याची विजार सावरत एका लाल टोपीवाल्या आजोबांच्या शेजारी घुसले. पाणी गुडघ्यांना असं रेटत होतं की उभं राहणं हेच एक काम होतं. काठावर सासूबाई फोल्डिंगच्या खुर्चीत, साडीवर दोन स्वेटर, पायांत माझे स्नोबूट आणि डोक्याला कानटोपी. निखिल गाडीत, हीटर लावून. (नैतिक पाठिंबा म्हणे!)

तिथे सगळ्यांचं एक ठरलेलं चालतं. प्रत्येक जण प्रवाहाच्या वरच्या बाजूला गळ टाकतो, शिशाच्या वजनाने आमिष तळाशी जातं, सगळ्यांच्या लाइनी एकाच चालीने खाली येतात, मग उचलायच्या आणि परत टाकायच्या. माझे तीन दाणे कसले तळाशी जातात! माझी लाइन पाण्यावरून सुसाट निघाली आणि खालच्या चौघांच्या लाइनींना विळखा घालून थांबली.

“सॉरी! सॉरी! सो सॉरी!”

दुसऱ्यांदा पाच जण. तिसऱ्यांदा पुन्हा तेच चौघे. नऊ वाजेपर्यंत मला त्यांची नावं पाठ झाली होती आणि त्यांना माझं. लाल टोपीवाल्या आजोबांनी खिशातून मूठभर शिसं काढलं आणि जवळजवळ हात जोडून म्हणाले, “घे गं बाई. माझं घे. लाव.” (इंग्रजीत, पण सूर अगदी हाच!)

“नो नो, थँक यू. आय ॲम फाइन.”

“घे ना अगं!” निखिल काच खाली करून ओरडला.

“माझं ठरलंय!” मी ओरडले. काच वर गेली.

साडेनऊला माझ्या हाताला हिसका बसला. आधी वाटलं, परत कुणाची तरी लाइन. पण लाइन पाण्याबाहेर उडी मारत नाही! चांदीसारखा लखलखीत, हातभर लांब मासा हवेत उडाला, आणि त्याच्या तोंडात माझा नारिंगी मणी!

अशा वेळी ‘फिश ऑन!’ असं ओरडायचं असतं. मग बाकीचे आपापल्या लाइनी गुंडाळून घेतात आणि वाट मोकळी करतात. मी आदल्या रात्री आरशासमोर याची चांगली प्रॅक्टिस केली होती. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, “आई गं! आला! आला! आई, आला हो!”

कुणाला काही कळेना, त्यामुळे कुणीच लाइन गुंडाळली नाही. मासा प्रवाहाबरोबर खाली सुटला. माझा लवलवता रॉड वाकून वाकून गोल व्हायच्या बेतात आला. ओढून धरावं तर लाइन तुटेल, सोडावं तर मासा कॅनडात जाईल! मग मीच त्याच्या मागे निघाले. आजोबांच्या काखेखालून, पुढच्याच्या पोटाला वळसा घालून, त्याच्या पुढच्याची हॅट पाडून, “एक्स्क्यूज मी! सॉरी! एक्स्क्यूज मी!” आणि पुढे तो मासा कसला शहाणा! जाईल तिथली लाइन सोबत घेत चालला. मी मोजल्या नाहीत. नंतर निखिलने सांगितलं, अकरा.

एव्हाना काठावरून सासूबाई माझ्या बरोबरीने पळत होत्या. साडी वर खोचलेली, कानटोपी हातात.

“सैल सोड गो! सैल सोड! ओढू नको, तुटतली!” मग त्यांचं लक्ष बाकीच्यांकडे गेलं. “यू! काठी अप! यू पण! अप, अप!”

आणि काय सांगू, अकरा धिप्पाड, दाढीवाल्या माणसांनी निमूटपणे रॉड आकाशाकडे धरले! पाऊण तास ते तसेच उभे होते. पाऊण तास त्या टापूत एकानेही गळ टाकला नाही. एका बाईच्या एका बारीक गळापायी नदी बंद!

शेवटी मासा दमला. उथळ पाण्यात माझ्यापासून हातभर अंतरावर तो आडवा झाला. अंगावर गुलाबी पट्टा, तोंडाची उघडझाप चाललेली. मी त्यालाही “सॉरी” म्हटलं. माझ्या मागोमाग आलेल्या आजोबांनी जाळं पुढे केलं. सासूबाई काठावर दोन्ही हात जोडून उभ्या. “देवा! केवढा गो हा!”

माशाने मान एकदाच झटकली. एकदाच! लाइन सैल पडली आणि तो गेला. मी गळ वर काढून बघितला, तर तो टाचणीसारखा सरळ झाला होता.

मी तिथेच पाण्यात बसकण मारली. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मला तो मासा फार फार हवा होता. सासूबाईंनी एकदा तरी माझ्या घरी पोटभर, मनापासून जेवावं, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते माझ्याच हट्टापायी पाण्यात गेलं होतं. सासूबाई काठावरून म्हणाल्या, “जाऊ दे गो. ऊठ. सर्दी होईल.” त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी उठले. डोळे पुसले. आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात, मुद्दाम इंग्रजीत जाहीर केलं, “उद्या सकाळी सहा वाजता मी परत येणार! इथेच! हाच रॉड घेऊन!”

अकरा माणसं आपापला गुंता सोडवत बसली होती. त्यांचे हात थांबले.

“उद्या?” आजोबांनी विचारलं.

“उद्या. नाहीच जमलं तर सोमवारीसुद्धा. मी रजा वाढवून घेईन, आणि त्या पुलाजवळच्या मोटेलमधली खोलीही. माझ्या या आईंना ताजा मासा खायला घालायचाय!”

आम्ही गाडीत बसलो तेव्हा ते सगळे काठावर गोल करून उभे होते.

दुपारी तीन वाजता मोटेलच्या दारावर टकटक झाली. बाहेर लाल टोपीवाले आजोबा आणि आणखी दोघे. टोपी हातात. आजोबांच्या बादलीत दोन सुंदर स्टीलहेड, तासाभरापूर्वी पकडलेले. मला भरून आलं. म्हटलं, बघा, परक्या देशातही किती चांगली माणसं असतात!

“तुमच्या मदरसाठी,” आजोबा म्हणाले. “एक माझा, एक याचा. तुम्ही उद्या जरा आराम करा.”

“छे छे, आराम कसला! सहाला मी तिथे—”

आजोबांनी शेजारच्याकडे बघितलं. त्याने पाठीमागे धरलेली पिशवी पुढे केली. तिच्यात तिसरा मासा होता.

“आणि सोमवारीही आराम करा,” आजोबा म्हणाले.

मी बाणेदारपणे नकार द्यायला तोंड उघडलं. तोवर सासूबाईंनी बादली आत ओढली, कल्ले उघडले, पोटाला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो सहा महिन्यांत बघितला नव्हता. “लालभडक गो! अगदी आत्ताचा!” मग बादलीवरची पकड न सोडता त्या मला म्हणाल्या, “अनघा, एवढी चांगली माणसं सांगतायत. उद्या तू आराम कर.”

त्या संध्याकाळी त्या मोटेलच्या किचनमध्ये तिरफळं घातलेलं सार झालं. (मी शेजारी बसून दहीभात खाल्ला.) सासूबाईंनी तीन वेळा भात घेतला, बोटं चाटून पुसली आणि म्हणाल्या, “आज जेवले गो बाय.” त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही. निखिल म्हणाला ते तिरफळामुळे.

त्या नदीवर एका स्टीलहेडसाठी माणसं दिवस दिवस गार पाण्यात उभी राहतात. मला एका दिवसात तीन मिळाले, मी पुन्हा पाण्यात उतरू नये म्हणून!