समुद्रात उतरणारे बैल

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. ओझरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला जन्म गेला... सुटा भाग ड्रॉइंगशी जुळला तर पास, नाही तर बाजूला. त्यामुळे हे वाचून हसलात तरी हरकत नाही.

माझी आई सायखेड्याची. तिचा धाकटा भाऊ वसंत, म्हणजे माझा मामा, माझ्या जन्माआधीच आजोबांशी भांडून घरातून गेला तो गेलाच. भाऊ नसला की बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशी आई ओवाळायची, आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या गच्चीवरून. मग थोडा वेळ कान देऊन बसायची आणि मामा कुठे आहे ते सांगायची. पाण्यात किल्ला आहे, आत कोणी राहत नाही. होड्या काठाला लागत नाहीत, म्हणून मासळी आणायला बैलगाड्या समुद्रात उतरतात. लहानपणी हे ऐकून आम्ही हसून लोळायचो. समुद्र तिने कधी पाहिलाच नव्हता. मागच्या दिवाळीला म्हणाली, आता तिथे धक्का बांधतायत, बैलांचं काम संपत आलं.

यंदा बायकोने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला — दापोलीकडचं छोटं बंदर, आणि पोटापर्यंत समुद्रात उभे बैल. मी चाटच पडलो. भाऊबीजेला आईला घेऊन तिथे गेलो.

किल्ला समोरच होता, मराठ्यांच्या आरमाराचा, तटावर झाडं माजलेली. मागे सुपारीच्या बागा, कौलारू घरं. वाळूत मासळीचा लिलाव चाललेला. पलीकडे धक्क्याचं काम सुरू होतं. आई किल्ल्याकडे बघत बसली. मी एका म्हाताऱ्या गाडीवानाला विचारलं, नाशिककडचा कोणी वसंत इथे होता का? होता, म्हणाला. पोहता येत नसताना बिनधास्त गाडी पाण्यात घालायचा. पण तापाने गेला, इथेच. तेव्हा या गाडीवानाचं लग्नही झालेलं नव्हतं, आता त्याला नातवंडं आहेत. धक्क्याचं तेव्हा काही चाललं होतं का, असंही विचारलं. तो हसला. धक्का तर आत्ताचा.

संध्याकाळी किल्ल्याच्या वर चंद्राची बारीक कोर दिसली. आईने पिशवीतून ताट काढलं. जन्मभर ती भावाची वाट बघत होती, निदान मला तसं वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. तरी मामा गेल्याचं सांगितलं.

ती कुंकू कालवत राहिली. "ठाऊक हाय मला," म्हणाली. "जित्ता असता तर कवाच घरी आला असता. एवढं सांगत बसला नसता."

मग तिने ओवाळलं आणि नेहमीसारखी कान देऊन बसली. मी विचारलं, आज मामा काय म्हणाला?

"काय नाय. तुझं पोरगं आलं, आता काय सांगायचं, म्हणला."

किल्ला, बैल, धक्का, सगळं ड्रॉइंगशी जुळलंय... ते ड्रॉइंग आईपर्यंत आणत कोण होतं, एवढंच कळत नाही.