लाऊबाईंची बाटली

कॅनडातल्या बर्नाबीच्या त्या गल्लीत बेबीबाईंना सोबत अशी एकच होती, शेजारच्या लाऊबाईंची, आणि त्यांची भाषा बेबीबाईंना कळत नव्हती. मुलगा-सून कामावर, नात मैत्रेयी शाळेत. मग दुपारभर या दोन विधवा हातवाऱ्यांनी गप्पा मारायच्या. एक नागपूरची, दुसरी चीनमधली, पण सुनेचा विषय निघाला की दोघींची मान सारखीच हलायची.

ओल्या पायरीवरून घसरून बेबीबाईंचा घोटा मुरगळला आणि टम्म सुजला. लाऊबाई लगबगीनं एक बाटली घेऊन आल्या. कसल्याशा मुळ्या आणि साली तांदळाच्या दारूत वर्षानुवर्षं मुरवलेलं काळपट औषध होतं. ते तळव्यावर घेऊन त्यांनी पाय चोळचोळ चोळला. बाटली तिथंच ठेवून, "टू टाइम, एव्हरी डे," असं बजावून त्या गेल्या.

बेबीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्यापेक्षा वासानंच जास्त. त्यांच्या नवऱ्याला, गुणवंतला, दारूनंच ऐन चाळिशीत नेलं होतं. बुद्धविहारात पंचशील म्हणताना पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाला बेबीबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा.

"आजी, इट्स जस्ट मेडिसिन!" मैत्रेयी म्हणाली.

"औषध असो का अमृत, माह्या घरात दारूचा थेंब नाही चालनार!"

पण बाटली परत केली तर लाऊबाई दुखावणार. असलेली एक सोबत तुटली तर या परमुलखात दिवस कसा ढकलायचा? म्हणून त्यांनी औषध गुपचूप सिंकमध्ये ओतलं, पाय साबणानं धुतला, बाटलीत गरम पाणी आणि तांदूळ घालून ती खळखळून लख्ख केली. पाय बरा झाला तो आंबेहळदीच्या लेपानं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून बाटलीत जवसाचं तेल भरलं आणि मैत्रेयीला घेऊन त्या लाऊबाईंकडे गेल्या.

लाऊबाईंनी बाटली उघडून हुंगली.

"ऑल फिनिश?"

"यस, यस! गुड!" बेबीबाईंनी पाय आपटून दाखवला.

लाऊबाई मोडक्या इंग्रजीत मैत्रेयीशी हळूहळू काही बोलल्या. मैत्रेयीचा चेहरा उतरला.

"आजी, ते त्यांच्या हजबंडनं बनवलं होतं. ते लास्ट विंटरला गेले. त्यांच्या हातांना नेहमी तोच वास यायचा. ही लास्ट बॉटल होती, त्या रोज उघडून स्मेल करायच्या. पण तू हर्ट होतीस, सो…"

बेबीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वासानं त्यांचा संसार नासवला, त्याच वासात कुणी आपला नवरा जपून ठेवला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माफी मागायची तर कुठल्या भाषेत?

लाऊबाई काही रागावल्या नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण पदराला पुसावं तसं स्वेटरला पुसलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटून वाट पाहत राहिल्या.

झाकणाचे आटेसुद्धा बेबीबाईंनी जुन्या टूथब्रशनं घासून काढले होते.